सासूबाईंच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे. घरच्या घरी रोजची काळजी कशी घ्यावी?

मानेवाडा_गृहिणी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या सासूबाई ६६ वर्षांच्या असून त्यांना गेली १६ वर्षे टाइप २ मधुमेह आहे. नुकत्याच झालेल्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून तळपायावर ठिकठिकाणी नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवला आणि प्रत्येक वेळी ‘कळते का?’ असे विचारले. दोन्ही अंगठ्यांच्या टोकांशी आणि डाव्या पायाच्या चवड्यावर त्यांना काहीच कळले नाही. पायातील रक्तप्रवाह चांगला आहे आणि सध्या कुठेही जखम नाही. मात्र यापुढे पायांची रोज काळजी घ्यावी लागेल असे सांगून डॉक्टरांनी सूचनांचा एक छापील कागद दिला. त्या सूचनांविषयी मला शंका नाही. त्या आमच्या घरात बसवायच्या कशा, हा माझा प्रश्न आहे.

घरात चप्पल घाला असे कागदावर लिहिले आहे, पण सासूबाईंचा अर्धा दिवस स्वयंपाकघरात आणि देवघरात जातो आणि तिथे चप्पल ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. रोज तळवे पाहा असे लिहिले आहे, पण गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नाही आणि सुनेने आपले पाय उलटेपालटे करून पाहावेत याचा त्यांना फार संकोच वाटतो. टाचांना भेगा आहेत, त्या सासूबाई आंघोळीच्या वेळी वजरीने जोरात घासतात. करंगळीवर एक कुरूप आहे, त्यावर शेजारच्या काकूंनी बिब्बा लावायला सांगितले आहे. मी तो अजून लावू दिलेला नाही. पायाला सूज असली की जोडवी रुततात. शिवाय दरवर्षी अश्विन नवरात्रात त्या नागपूरजवळच्या कोराडीच्या देवीला अनवाणी चालत जातात आणि यंदाही जाण्याचा त्यांचा निश्चय आहे. ज्यांच्या घरी अशी व्यक्ती आहे त्यांनी हे सारे कसे जमवले, हे कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_परिचारिका

ताई, मी एका मोठ्या रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा विभागात परिचारिका होते आणि त्यातील बराच काळ ड्रेसिंगच्या खोलीत गेला, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

तिथे येणाऱ्या मधुमेही रुग्णांना ‘जखम केव्हा झाली?’ असे विचारले, तर बहुतेकांना उत्तर देता येत नसे. पायमोजा ओला लागला, चादरीवर डाग दिसला किंवा खोलीत वास येऊ लागला, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात आलेले असे. एका गृहस्थांच्या चपलेच्या तळातून वर आलेले खिळ्याचे टोक त्यांच्या टाचेत रुतलेले होते आणि त्याच चपलेने ते रुग्णालयाच्या पायऱ्या चढून आले होते. त्यांची तक्रार काय होती, तर ‘पाय जरा जड वाटतो’. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की नसा खराब होतात आणि शरीरातील सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जात असल्यामुळे बधिरपणाची सुरुवात तिथूनच होते. दुखले की माणूस लंगडतो, पाय उचलून धरतो आणि त्यामुळे जखमेला आपोआप आराम मिळतो. दुखतच नसेल तर तो त्याच जखमेवर वजन टाकून चालत राहतो आणि ती भरून येत नाही. सासूबाईंच्या पायांना जे कळत नाही, ते घरातल्या कुणाच्या तरी डोळ्यांनी रोज पाहिले पाहिजे. बाकी सर्व सूचना याच्या नंतर येतात.

संकोचाविषयी माझा अनुभव असा, की ‘तपासते’ म्हटले की वडीलधारी माणसे पाय आखडून घेतात, पण ‘तेल लावून देते’ म्हटले की पाय पुढे करतात. रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांना खुर्चीवर बसवा, समोर पाट किंवा स्टूल ठेवून त्यावर पाय ठेवा आणि खोलीतील दिव्यावर विसंबून न राहता मोबाइलचा टॉर्च लावा. आधी नखांच्या कडा, मग प्रत्येक दोन बोटांमधली फट बोटे हलकेच फाकवून, मग चवडा, तळव्याची खोलगट बाजू आणि शेवटी टाचेची कड, असा क्रम ठरवून घेतला म्हणजे काही सुटत नाही. लाली, फोड, ओलसर पांढरी पडलेली त्वचा, नवी भेग यांबरोबर घट्ट्याकडे विशेष लक्ष द्या. घट्ट्याच्या आत काळसर किंवा तपकिरी ठिपका दिसला तर खाली रक्त साकळलेले असते आणि पुष्कळदा आत जखम तयार झालेली असते. वरून मात्र तो साधा घट्टाच दिसतो. शेवटी आपल्या हाताची पालथी बाजू दोन्ही पायांना एकाच जागी लावून पाहा. एका पायाची एखादी जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा गरम लागली आणि दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले, तर डॉक्टरांना कळवा. संशयास्पद जागेचा फोटो काढून ठेवला की काल काय होते आणि आज काय आहे याविषयी घरात वाद होत नाही.

पाय रोज साध्या साबणाने धुवावेत. पाणी फार तर कोमट असावे आणि ते सासूबाईंच्या पायाने नव्हे, तर तुमच्या कोपराने पाहावे. नंतर जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्याने पाय टिपून घ्यावेत, बोटांच्या फटींमधून तो तुकडा स्वतंत्रपणे फिरवावा. पावसाळ्यात आपल्याकडे ज्या चिखल्या होतात त्या याच फटींमधल्या ओलीमुळे होतात आणि मधुमेही माणसाच्या पायात जंतू शिरण्याची ती नेहमीची वाट आहे. तळवे आणि टाचा यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चालेल, कारण मधुमेहात पायांना घाम कमी येऊन त्वचा कोरडी पडते आणि त्यातूनच भेगा वाढतात. फटींमध्ये मात्र काहीही चिकट लावू नये. वजरी बंद करा. ज्या पायाला जोर कळत नाही त्या पायावर ती किती दाबली जाते हेही कळत नाही, आणि भेगेची कड सोलली गेली की ती खोल होते. नखे आंघोळीनंतर मऊ असताना सरळ रेषेत कापा, कोपरे खोदून काढू नका.

बिब्बा लावू दिला नाहीत हे फार चांगले केलेत. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, हे विदर्भातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. निरोगी पायाला चटका बसतो आणि माणूस ते पुसून टाकतो. बधिर पायावर ते खोलवर भाजत जाते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांमध्येही कातडी विरघळवणारे सॅलिसिलिक आम्ल असते, त्यामुळे त्याही नकोत. कुरूप आणि घट्टा डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा आणि तो जिथे झाला तिथे कोणती चप्पल घासते हे शोधावे, नाहीतर तो पुन्हा होतो.

धरमपेठ_वाचक

वरील सर्व सूचना उपयुक्त आहेत. त्यांत एक भर घालतो. आमच्याकडे वडिलांचे पाय रोज रात्री कोमट पाण्यात मीठ टाकून अर्धा तास बुडवून ठेवत असू. त्यामुळे भेगा मऊ पडतात आणि झोपही चांगली लागते.

निवृत्त_परिचारिका

दादा, आपला हेतू चांगला आहे, पण संवेदना कमी झालेल्या पायांसाठी हे करू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अर्धा तास भिजलेली त्वचा फुगून नाजूक होते, फटींमध्ये ओल राहते आणि पाय बाहेर काढल्यावर तो आधीपेक्षा अधिक कोरडा पडतो. त्याहून मोठा धोका भाजण्याचा आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात थंडी पडली की गरम पाण्याची पिशवी, हीटर आणि शेकोटी यांनी भाजलेले पाय आम्ही दरवर्षी पाहत असू. पाय गार लागत असतील तर सैल सुती किंवा लोकरी मोजे घालावेत.

इतवारीची_रहिवासी

मी स्वतः मधुमेही आहे आणि माझ्याही पायांना कापसावर चालल्यासारखे वाटते, म्हणून चप्पल आणि जोडवी या दोन गोष्टींविषयी लिहिते.

देवघराचा प्रश्न आमच्याही घरी होता. आम्ही घरातल्या वापरासाठी एक स्वतंत्र जोड आणला, जो उंबरठ्याबाहेर कधीच जात नाही आणि आठवड्यातून एकदा धुतला जातो. बाहेरची धूळ त्याला लागलेली नसल्यामुळे स्वयंपाकघरात तो घालण्यास माझ्या सासूबाईंचीही हरकत राहिली नाही. देवघरापाशी मी खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर बसून जोड काढते, खाली जाड सतरंजी अंथरलेली असते, पूजा बसूनच होते आणि उठताना पुन्हा जोड घालते. देवासमोर अनवाणी राहता येते आणि उघड्या फरशीवर पाऊलही पडत नाही. पडलेली टाचणी, फुटलेल्या बांगडीची काच, कुकरची गरम शिटी अशा वस्तू स्वयंपाकघराच्या फरशीवरच सापडतात, त्यामुळे तिथे सवलत देऊ नये.

चप्पल घेताना दुकानात ‘एमसीआर’ म्हणून मागावी. हे मऊ, बारीक छिद्रांचे रबर असते आणि ते तळव्यावरचा दाब पसरवते. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे कुष्ठरोगाच्या कामाची ओळख विदर्भातल्या घराघरांत आहे. त्या रोगातही पायांची संवेदना जाते आणि अशा पायांना जखमा होऊ नयेत म्हणून याच रबराच्या चपला दिल्या जात असत. मधुमेहासाठी त्या पुढे वापरात आल्या. चपलेला मागे पट्टा हवा, नाहीतर ती पायातून निसटते आणि बधिर पायाला ते कळत नाही. अंगठा अडकवायची चप्पल नको, कारण अंगठ्याशी ती सतत घासते. पुढून बंद आणि वेल्क्रोचा पट्टा असलेली मिळाली तर सुजेप्रमाणे सैल करता येते. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पादत्राण आतून पावलापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर लांब असावे. ‘घट्ट वाटते का?’ या प्रश्नावर सासूबाईंच्या उत्तराची खात्री धरता येणार नाही. त्यांना कागदावर उभे करून पावलाची बाह्यरेषा काढून घ्या आणि तो कागद कापून चपलेत ठेवून पाहा. कागद कुठे दुमडला तर ती चप्पल लहान आहे. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा अधिक घालू नये आणि काढल्यावर लाली पाहावी. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी ती उलटी करून झटकावी आणि आतून हात फिरवावा.

जोडव्यांचे मला स्वतःला फार वाईट वाटले होते, म्हणून सासूबाईंची भावना मी समजू शकते. माझ्या दुसऱ्या बोटाला जोडव्याच्या खाली, बाहेरून अजिबात न दिसणारी, लालसर ओलसर रेघ पडली होती. साबण लावून जोडवी निघत नव्हती, तेव्हा ती ओढत न बसता सराफाकडून कापून घेतली. आता त्याच चांदीची, मागून उघडी आणि सैल अशी हलकी जोडवी करून घेतली आहेत. ती सणावारी घालते आणि रात्री काढून ठेवते. सौभाग्याचे लेणे मोडले असे त्यांना वाटू नये, म्हणून मोडण्याऐवजी घडवून घेण्याची गोष्ट आधी काढावी.

मानेवाडा_गृहिणी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सैल जोडवी घडवून घेण्यास सासूबाई लगेच तयार झाल्या आणि तेल लावण्याची युक्तीही लागू पडली. काल प्रथमच त्यांनी मला तळवे नीट पाहू दिले. कोराडीच्या नवसाचा प्रश्न मात्र तसाच आहे. रस्त्याने इतकी माणसे अनवाणी जातात, देवी सांभाळून घेते, असे त्या म्हणतात आणि त्यांच्या श्रद्धेपुढे मला बोलवत नाही. तसेच कोणती लक्षणे दिसली तर वाट न पाहता रुग्णालयात जावे हेही कुणी सांगितले तर बरे होईल.

सक्करदरा_जनरल_प्रॅक्टिशनर

मी या भागात अनेक वर्षांपासून दवाखाना चालवतो. प्रत्यक्ष तपासणीची जागा हे लेखन घेऊ शकत नाही हे लक्षात ठेवून वाचावे.

नवसाविषयी प्रथम लिहितो, कारण यंदाच्या नवरात्रात त्यांच्या पायाचे काय होईल हे बरेचसे त्यावर ठरणार आहे. मानेवाडा ते कोराडी म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्याही पलीकडचे अंतर आहे. रात्री निघाले तर काचा आणि खडी दिसत नाही, दिवसा निघाले तर ऑक्टोबरच्या उन्हात डांबर तापलेले असते. बरोबरच्या माणसांना फोड आला तर ती थांबतात. सासूबाई थांबणार नाहीत, कारण त्यांना तो कळणारच नाही. चप्पल घालूनही एवढे अंतर चालणे त्यांच्या पायांना सोसणारे नाही. माझ्याकडे असे रुग्ण येतात तेव्हा मी श्रद्धेवर वाद घालत नाही. वाहनाने मंदिराजवळपर्यंत जावे, तिथून थोडे अंतर पादत्राणांसह चालावे, आवारात जाड सुती मोजे घालावेत, दर्शन पहाटे घ्यावे आणि परतल्यावर लगेच दोन्ही तळवे उजेडात पाहावेत, असा मार्ग मी सुचवतो आणि बहुतेकांना तो मान्य होतो. तुम्ही सांगून त्या ऐकत नसतील, तर तुमच्या सासऱ्यांना किंवा त्या ज्यांचा शब्द मानतात अशा एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला पुढील तपासणीला सोबत आणा आणि तो नायलॉनचा तंतू त्यांच्यासमोर पुन्हा टेकवायला सांगा. काहीच कळत नाही हे सासूबाईंना सर्वांदेखत जाणवले, की बोलणे सोपे होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना तर कोणत्याही मंदिराच्या उघड्या फरशीवर त्यांनी मोज्यांशिवाय पाऊल ठेवू नये. काही पावलांतही तळवा भाजतो.

आपल्या डॉक्टरांनी वापरलेल्या तंतूला मोनोफिलामेंट म्हणतात. तो वाकेपर्यंत टेकवला की १० ग्रॅमचा दाब पडतो. घरातील दुसऱ्या कुणा मधुमेही व्यक्तीची प्राथमिक चाचणी करायची असेल तर साधनाशिवायही करता येते. त्या व्यक्तीला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. न दाबणे महत्त्वाचे आहे. सहापैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झाली असण्याची शक्यता आहे आणि डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. संवेदना व रक्तप्रवाह दोन्ही ठीक असतील त्यांना वर्षातून एकदा पायांची तपासणी पुरते. सासूबाईंसारख्यांनी, ज्यांची केवळ संवेदना कमी आहे, ती दर सहा ते बारा महिन्यांनी करावी. पूर्वी जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. मधुमेह असलेल्यांपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाचा व्रण, म्हणजे खोल जखम, होतो असा अंदाज आहे आणि भरून आलेला व्रण सुमारे ४० टक्के जणांमध्ये वर्षभरात पुन्हा होतो, म्हणून जखम बरी झाल्यावर तपासणी थांबवणारे लोक पाहिले की मला काळजी वाटते.

मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यामुळेही पाय बधिर होतात, तेव्हा त्या ही गोळी घेत असतील तर रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना विचारा. घरात कुणी मधुमेही व्यक्ती खर्रा खात असेल, बिडी ओढत असेल किंवा गुडाखू लावत असेल, तर तिच्या पायांच्या रक्तवाहिन्यांसाठी ते थांबवणे अत्यंत आवश्यक आहे; निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि आकसलेल्या रक्तवाहिन्यांतून जखमेपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही.

आता तातडीविषयी. फोड आला किंवा कातडी फाटली तर फोड फोडू नये, जागा स्वच्छ पाण्याने धुऊन त्यावर कोरडे निर्जंतुक गॉज ठेवावे, हळद, चुना किंवा टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये, त्या पायावर चालणे थांबवावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांना दाखवावे. जखमेभोवतीची लाली दोन सेंटिमीटरच्या पलीकडे पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, बोट निळे-काळे पडले असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जावे. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही शासकीय रुग्णालये शहरातच आहेत. औषधे व आहार नेहमीप्रमाणे असताना साखर अचानक वाढली, तर तेव्हाही पाय पाहावेत, कारण कुठेतरी दडलेला संसर्ग असा प्रथम दिसू शकतो.

मानेवाडा_गृहिणी

डॉक्टरसाहेब, खूप आभार. एक शेवटची शंका आहे. आमच्या नात्यातील एका मधुमेही काकांचा घोटा महिनाभरापूर्वी सुजला, लाल झाला, पण जखम नव्हती आणि दुखतही फारसे नव्हते. मुरगळला असेल म्हणून ते लेप लावून हिंडत राहिले. असे काही सासूबाईंना झाले तर काय समजावे?

सक्करदरा_जनरल_प्रॅक्टिशनर

त्या काकांना या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा मधुमेही पायांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि तोपर्यंत त्या पायावर भार टाकू देऊ नका. संवेदना गेलेल्या पायात हाडे आणि सांधे आतल्या आत मोडू लागतात. या विकाराला शार्को फूट म्हणतात. पाय गरम, लाल आणि सुजलेला असतो, पण जखम नसते आणि वेदना अगदी कमी असते, म्हणून तो मुरगळा किंवा संधिवात समजला जातो. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्येही काही न दिसण्याची शक्यता असते, त्यामुळे एक्स-रे ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नये आणि गरज वाटल्यास डॉक्टर एमआरआय सांगतील. वेळेत ओळखले तर पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून भार काढून घेतात; सूज आणि उष्णता पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे पुष्कळदा काही महिने, ते ठेवावे लागते. चालणे चालूच राहिले तर तळव्याची कमान खाली बसते, तिथे हाडाचा उंचवटा येतो आणि पुढे त्याच जागी व्रण होतो. सासूबाईंचा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला आढळला, तर जखम नाही म्हणून थांबू नका; त्यांना बसवून ठेवा आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करा.